भिलाईच्या मैदानावर, कॅमेऱ्यामागे

तुमच्या मोबाइलमध्ये आत्ता किमान एक तरी असा फोटो नक्की असेल. शाळेचा क्रीडादिन, लांबवर पळणारी मुलं, आणि त्यात आपलं पोर म्हणजे एक निळसर डाग. "हा बघ, डावीकडून तिसरा," असं आपण आजीला सांगतो. आजी चष्मा सावरून "हो का, छान आलाय हो" म्हणते. तिला काहीही दिसलेलं नसतं.

माझ्याकडे असे डाग शेकड्याने होते. मग गेल्या डिसेंबरात तीन आठवडे भिलाईला मावशीकडे राहिले आणि रोज संध्याकाळी बास्केटबॉलच्या कोर्टावर जाऊन बसू लागले. मावसबहीण तिथे खेळते. काकांनी त्यांचा जुना डीएसएलआर कॅमेरा माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "नुसती बसू नकोस, काहीतरी काढ." त्या "काहीतरी"मधून काय काय निघालं, ते तुम्हाला सांगते. तुम्हालाही मुलांच्या खेळाचे फोटो काढायची आणि चार जणांना दाखवायची हौस असेल, तर माझ्या चुका तुमच्या उपयोगी पडतील.

आधी गाव बघू. नागपूरहून हावड्याच्या दिशेने निघालं की गोंदिया सुटतं आणि मराठी पाट्या मागे पडतात. डोंगरगडला टेकडीवरचं बमलेश्वरीचं देऊळ गाडीतून दिसतं, डब्यातले निम्मे लोक बसल्या जागेवरून हात जोडतात. मग राजनांदगाव. हे हॉकीचं गाव. महंत राजा सर्वेश्वरदास यांच्या नावाची हॉकी स्पर्धा इथे वर्षानुवर्षं होते आणि तिच्याविषयी बोलताना इथल्या माणसांचा आवाज चढतो. त्यानंतर दुर्ग. दुर्ग आणि भिलाई ही जुळी शहरं. एक कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं, हे रिक्षावाल्यालाच ठाऊक.

भिलाई हे कारखान्याने वसवलेलं शहर. 1955 साली सोव्हिएत संघाशी करार झाला, 1959 साली पहिली झोतभट्टी पेटली आणि देशभरातून माणसं इथे कामाला आली. मल्याळी, बंगाली, तेलुगू, पंजाबी, आपले विदर्भातले आणि मूळचे छत्तीसगढी. म्हणून इथे लोक गावाला कौतुकाने "मिनी इंडिया" म्हणतात. मावशीच्या शेजारी एका बाजूला पुट्टू शिजतं आणि दुसऱ्या बाजूला तांदळाचा चीला. पत्ता सांगायचा तो सेक्टर, सडक आणि क्वार्टर नंबर असा. रस्ते रुंद, झाडं जुनी, घरं बुटकी. रेल्वेचे 260 मीटर लांबीचे रूळ या कारखान्यातून बाहेर पडतात, पण परवानगीशिवाय तिथे कॅमेरा नेता येत नाही. त्यामुळे हौशी फोटोग्राफरला उरतात दोन गोष्टी, मैत्रीबागेतले पांढरे वाघ आणि खेळाची मैदानं. वाघ बहुतेक वेळा झोपलेले असतात.

मैदानांची मात्र इथे चंगळ. काकांशी क्रिकेटचा विषय काढलात तर ते राजेश चौहानवर येऊन थांबतात. भिलाईचा हा ऑफस्पिनर 21 कसोट्या खेळला आणि त्याने 1997 साली कराचीत सकलेन मुश्ताकला शेवटच्या षटकात षटकार मारला, हे मी तीन आठवड्यांत सहा वेळा ऐकलं. मावसबहिणीच्या पिढीचा हिरो वेगळा. पंजाब किंग्जचा शशांक सिंग, जन्म भिलाईचा. पण मुलींना विचाराल तर इथला खरा खेळ बास्केटबॉल. सेक्टर 1 मधलं पंत स्टेडियम आणि दिवंगत प्रशिक्षक राजेश पटेल ही नावं इथे आदराने घेतली जातात. अंजू लाक्रा, सीमा सिंग यांच्यासारख्या मुली त्यांच्या हाताखाली तयार झाल्या आणि भारताकडून खेळल्या. एका मध्यम आकाराच्या शहरात चौदा वर्षांची मुलगी संध्याकाळी पाच वाजता बूट बांधून निघते आणि कोणी तिला "कुठे निघालीस" असं विचारत नाही, हे मला फार आवडलं.

तर मी ज्या कोर्टावर बसत होते, ते पंत स्टेडियम नव्हे, एका सेक्टरमधलं साधं उघडं कोर्ट होतं. कडेला कडुलिंब, एका खांबावरचा दिवा बंद, आणि रेषा मुलींनी स्वतः रंगवलेल्या.

पहिल्या चार दिवसांत मी नऊशे फोटो काढले. एकही धड नाही.

काकांच्या ओळखीचे काही हौशी फोटोग्राफर दर रविवारी सकाळी सिव्हिक सेंटरजवळ चहाला जमतात. आठवडाभरात काढलेले फोटो मोबाइलवर एकमेकांना दाखवायचे आणि चहा गार होईपर्यंत त्यांची सालं काढायची, असा त्यांचा कार्यक्रम. बँकेतल्या एक मॅडम आहेत, त्या पक्ष्यांचे फोटो काढतात. इंजिनिअरिंगचा एक मुलगा आहे, त्याची लेन्स त्याच्या मोटारसायकलपेक्षा महाग आहे. आणि कारखान्याच्या विद्युत विभागातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. सगळे त्यांना अंकल म्हणतात, म्हणून मीही म्हणते.

माझे फोटो बघून लेन्सवाला म्हणाला, "टाइमिंग ठीक, बैकग्राउंड कचरा." मला राग आला. आपण चार दिवस डास चावून घेतलेले असतात, आणि समोरचा चार शब्दांत मोकळा होतो! घरी जाऊन पुन्हा बघितलं. प्रत्येक मुलीच्या डोक्यातून एक विजेचा खांब उगवलेला होता. मी खेळाडूकडे बघत होते, कॅमेरा सगळंच बघत होता. दुसऱ्या दिवशी मी दहा पावलं सरकून गुडघ्यावर बसले, तर मागे खांबांऐवजी संध्याकाळचं आकाश आलं आणि उडी दुप्पट उंच दिसू लागली. खर्च शून्य, गुडघ्याला थोडी खडी टोचली एवढंच.

मॅडमचा सल्ला पक्ष्यांवरून आलेला. पक्षी उडाल्यावर बटण दाबलंत तर फोटोत रिकामी फांदी येते. उडण्याआधी तो किंचित खाली दबतो, तेव्हा दाबायचं. मुलींचंही तसंच. उडी मारण्याआधी गुडघे वाकतात. त्या क्षणी बोट खाली गेलं, तर तुमचा आणि यंत्राचा उशीर मिळून फोटो बरोबर हवेतला येतो. मोबाइलवर काढत असाल तर ही गोष्ट दुप्पट लागू. त्यातही बोटाने झूम करू नका, त्याने फोटो नुसता फाटतो. जवळ जाऊन उभे राहा, फ्लॅश बंद ठेवा (खेळणाऱ्याच्या डोळ्यांवर तो मारणं म्हणजे उपद्रवच), आणि बटण दाबून ठेवून एका दमात दहा-बारा फोटो निघू द्या. आणि हो, लेन्स रुमालाने पुसा. निम्म्या महाराष्ट्राचे फोटो लेन्सवर लागलेल्या तेलामुळे धुरकट येतात, असं माझं प्रामाणिक मत आहे.

अंकल मात्र वेगळंच बोलले. माझे लागोपाठ काढलेले तीन फोटो त्यांनी शेजारी शेजारी ठेवले. एकात मुलगी पिवळट, दुसऱ्यात हिरवट, तिसऱ्यात बरी. मला वाटलं कॅमेरा बिघडला. ते हसले. म्हणाले, वीज सेकंदाला पन्नास आवर्तनं करते आणि मैदानावरचे असले दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात. आपल्या डोळ्याला कळत नाही, पण तू सेकंदाचा हजारावा भाग टिपतेस, तेव्हा दिवा कधी चढतीवर असतो, कधी उतरतीवर. चाळीस वर्षं वीज सांभाळलेल्या माणसाने माझ्या फोटोत आधी वीज बघितली.

मग वेग कमी करायचा का? इथे खरी पंचाईत आहे. पळणारी मुलगी सेकंदाला सहा मीटर जात असेल, तर सेकंदाच्या साठाव्या भागात ती दहा सेंटिमीटर सरकते. म्हणजे तिचं नाक कानापर्यंत पसरतं. हजाराव्या भागात ती फक्त सहा मिलिमीटर सरकते, पण तेवढ्या वेळात अंधाऱ्या कोर्टावर उजेड पुरत नाही आणि फोटोवर रवाळ दाणे येतात. अंकलनी तोडगा सांगितला. उडीच्या अगदी वरच्या टोकाला अंग क्षणभर थांबतं, वर जाणं संपलेलं आणि खाली येणं सुरू व्हायचं असतं. तो क्षण धर, कमी वेगातही चेहरा स्वच्छ येईल. आकाशात फेकलेला दगड वर टोकाला थबकतो, तसंच हे. शाळेत हे शिकले होते, पण ते कधी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

आता एक कबुली. दुसऱ्या रविवारपर्यंत मी पक्की चहाबाज झाले होते. मैदानावर असताना माझ्या डोक्यात मुली नसायच्या, "हा फोटो अंकलना आवडेल का" एवढंच असायचं. लेन्सवाला म्हणायचा, अजून कापून जवळ घे. मॅडम म्हणायच्या, श्वास घ्यायला जागा ठेव. मी एकाच फोटोच्या दोन प्रती करून दोघांना वेगवेगळ्या दाखवल्या आणि दोघांचीही शाबासकी घेतली. हसू नका, तुम्हीही केलं असतं.

याच सुमारास अंकलनी एका जगप्रसिद्ध फोटोची गोष्ट सांगितली. 25 मे 1965, अमेरिकेतलं लुइस्टन. पहिल्याच फेरीत आडव्या पडलेल्या सनी लिस्टनवर ओरडणारा मुहम्मद अली. तो रंगीत फोटो तुम्ही पाहिला असेल. तो काढणारा नील लायफर तेव्हा 22 वर्षांचा होता. फोटो नीट बघितलात तर अलीच्या पायांच्या मधून पलीकडे बसलेला एक फोटोग्राफर दिसतो. तो त्याच मासिकाचा, हर्ब शार्फमन. त्याच्या वाट्याला अलीची पाठ आली. आणि गंमत म्हणजे लायफरचा तो फोटो त्या वेळी मुखपृष्ठावर छापला गेला नाही, आतल्या पानात गेला. "संपादकांनाही पहिल्या दिवशी कळलं नाही," अंकल म्हणाले, "तर आम्ही चहा पिणारे कोण?"

ते म्हणाले ते माझ्या डोक्यात गेलं नाही. कारण त्याच आठवड्यात माझ्याकडे "तो" फोटो आला होता.

सरावाचा सामना होता. पिवळ्या जर्सीतली एक मुलगी, चौदाची असेल, चेंडू घेऊन बास्केटकडे झेपावली आणि समोरच्या मुलीवर आदळली. मी बटण दाबून धरलं होतं. एका फोटोत ती जमिनीपासून वीतभर वर, आडवी, तोंड वासलेलं, केस चारी दिशांना, आणि हातातून सुटलेला चेंडू बरोबर तिच्या डोक्यावर. सगळं काचेसारखं स्वच्छ. मागे संध्याकाळचं आकाश. मी तो तिथेच पडद्यावर बघत बसले. किती वेळ, कोण जाणे.

रात्री फोटो मंडळींना पाठवला. लेन्सवाल्याने पहिल्यांदाच काही खोड काढली नाही. मॅडमनी टाळ्यांची चित्रं पाठवली. मग कोणीतरी तो पुढे पाठवला, तिथून आणखी कोणीतरी, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मावसबहिणीने तिच्या वर्गाच्या ग्रुपवर आलेलं स्टिकर मला दाखवलं. त्या मुलीचा वासलेला चेहरा आणि खाली एक विनोद. विनोद सांगत नाही.

संध्याकाळी ती सरावाला आली नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही.

मी सगळ्यांना फोन करून फोटो काढून टाकायला सांगितलं. त्यांनी लगेच काढला. पण एकदा सुटलेलं चित्र परत पिशवीत भरता येत नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार. गंमत अशी की त्या आठवड्यात माझ्या फोटोची उजेडापासून काटछाटीपर्यंत सगळी चिकित्सा झाली होती, आणि ज्या एका व्यक्तीला तो दाखवायला हवा होता, तिलाच मी विचारलं नव्हतं. चहावर कोणी मला तो प्रश्न विचारला नाही, आणि मलाही तो सुचला नाही. आम्ही सगळे फोटो बघत होतो.

तिसऱ्या दिवशी मावसबहिणीला घेऊन तिच्या घरी गेले. दाराशी तिची आई. मी आधी आईची माफी मागितली, मग तिची. मी मनात बरंच भाषण तयार करून गेले होते. फोटोची बाजू, प्रयत्नांचं सौंदर्य, पडणं हाही खेळाचाच भाग, वगैरे. त्यातला एकही शब्द बोलावासा वाटला नाही, ते बरं झालं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "दीदी, उसके बाद मैंने दो बास्केट डाले थे. वो वाला फोटो है क्या?"

नव्हता. ती उठून, गुडघा झटकून दोन बास्केट टाकत होती, तेव्हा मी मान खाली घालून तिच्या पडण्याचा फोटो मोठा करून बघत होते.

तिच्या आईने ठेठरी-खुरमी पुढे ठेवली. मी खाल्ली. दुसरं काय करणार?

उरलेल्या आठवड्यात माझा क्रम बदलला. सराव संपला की कोर्टाच्या कट्ट्यावर मुली माझ्याभोवती कोंडाळं करायच्या आणि दिवसाचे फोटो आधी त्या बघायच्या. ज्याला कोणी "नको" म्हटलं, तो तिथल्या तिथे पुसायचा, कारण विचारायचं नाही. तुम्हाला वाटेल, चांगले फोटो हातचे जातात. एखाददुसरा जातो. पण त्या कट्ट्यावर मला जी टीका ऐकायला मिळाली, ती चहावर कधी मिळाली नव्हती. "यात माझी कोपर बाहेर गेलीये," "ही चाल आम्ही चुकलो, इथे मी मोकळी होते बघ." सर एकदा मागून आले आणि एका फोटोवर बोट ठेवून एका मुलीला तिचं पाऊल कुठे पडतंय ते दाखवू लागले. त्या फोटोला मी नापास केलं होतं, कारण त्यात चेहराच नव्हता.

याचा अर्थ चहावाल्या मंडळींचं ऐकू नये असा नाही. त्यांच्याशिवाय मी अजून खांबच टिपत बसले असते. फक्त आता मी त्यांना "कसा आहे?" असं विचारत नाही. तसं विचारलं की लोक एकतर "मस्त" म्हणतात, नाहीतर स्वतःला ज्यात गती आहे तेच शोधतात. "माझी नजर आधी चेंडूवर जाते की चेहऱ्यावर?" असं नेमकं विचारलं की नेमकं उत्तर येतं. दोघांनी उलटसुलट सांगितलं तर एक रात्र जाऊ द्यायची. आणि फोटोबरोबर त्याची गोष्ट सांगायची नाही. किती डास चावले हे बघणाऱ्याला दिसत नसतं आणि दिसायची गरजही नसते.

मुलांचे फोटो पुढे पाठवणाऱ्या आईबाबांना आणखी एक सांगते. जर्सीवर शाळेचं नाव असतं, पाठीवर मुलाचं नाव असतं, आणि मोबाइल फोटोच्या पोटात जागेची नोंदही ठेवू शकतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ती नोंद बंद करता येते. घरच्यांना चांगल्या दर्जाचा फोटो हवा असेल तर व्हॉट्सअॅपवर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर वाटेत तो दाबून बारीक केला जातो. आणि शेजारच्यांचं मूल फोटोत असेल, तर शेजारच्यांनाही एकदा विचारा.

विषय निघालाच आहे तर भिलाईला गेलात तर एक चाल लक्षात ठेवा. जवळच्याच गनियारी गावच्या तीजनबाई. पंडवानी गाताना त्या तंबोरा उचलत आणि तो क्षणात भीमाची गदा होई. त्यांचे जुने फोटो शोधून बघा. खेळाच्या फोटोत आपण जे धडपडून शोधतो, ते सगळं त्या एका हातात आहे. जोर, तोल आणि कथेचं वळण. मी ते फोटो बघितले तेव्हा मला कळलं की अंकल "वरचं टोक" म्हणतात ते काय.

निघायच्या आदल्या संध्याकाळी पिवळ्या जर्सीतली मुलगी कोर्टावर होती. ती आली, बूट बांधले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आज देखना." मी पडद्याकडे एकदाही बघितलं नाही. डोळा कॅमेऱ्याला लावून नुसती तिच्यामागे फिरत राहिले. सातव्या की आठव्या प्रयत्नात ती उठली, हात लांबला, आणि चेंडू जाळीतून गेला तेव्हा तिने मागे वळून मैत्रिणींकडे बघितलं.

फोटो थोडा हललेला आहे. चेंडू चौकटीबाहेर गेलाय, उजवा हात मनगटाशी कापला गेलाय. मागे बंद दिव्याचा खांबही आहे. कट्ट्यावर तो तिला दाखवला. तिने दोन बोटांनी मोठा केला, परत लहान केला, आणि म्हणाली, "बने हे." छत्तीसगढीत म्हणजे छान आहे. त्या रात्रीपासून तो तिचा डीपी आहे. सकाळी गाडीला जाताना वाटेत सिव्हिक सेंटरला उतरून मी त्याच्या दोन प्रती छापून घेतल्या, एक तिच्या आईसाठी.

दुसरी प्रत अंकलना दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोटो डोळ्यांजवळ नेला. "हात कटलाय, बॉल नाहीये," त्यांच्या मोडक्या मराठीत म्हणाले, खास माझ्यासाठी. मग थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. "मार्चला ये. एक पाऊल मागे उभी राहा."

मार्चचं तिकीट काढलंय.